काचेच्या टाकीतील बीजोत्पादन : शोभिवंत कोळंबीचे संगोपन आणि निवड

(नाशिक येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळंबी म्हटली की आपल्याला कोकणचा बाजार आणि स्वयंपाकघर आठवते. आपल्या घाटमाथ्यावरच्या ओढ्यांतून आणि धरणांच्या काठांना सापडणारे झिंगेही आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ओंजळीत धरले असतील. आज मला ज्या कोळंबीविषयी बोलावयाचे आहे ती खाण्याची नव्हे. पूर्ण वाढ झाली तरी ती दोन ते तीन सेंटिमीटरच, म्हणजे बोटाच्या पेराएवढी भरते. गोड्या पाण्याच्या काचेच्या टाकीत ती आयुष्य काढते आणि तिच्या लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या रंगासाठी लोक तिला हौसेने पाळतात.

इतक्या लहान जिवासाठी आपण सर्वांनी कामाचा दिवस मोडून का जमावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, या जिवाच्या पालनात आपल्या जिल्ह्याच्या परिचयाची एक जुनी विद्या आहे, ती म्हणजे निवडीने वाण घडविण्याची विद्या. आणि त्याच पालनात आपल्या गोदावरीला उपद्रव होण्याची शक्यताही आहे. विद्या घ्यावयाची आणि उपद्रव टाळावयाचा, हे दोन्ही एकाच वेळी साधते काय, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

निवडीची विद्या नाशिकला नवी नाही

खरीप कांद्याचा ‘एन-५३’ हा वाण येथे बसलेल्या प्रत्येकास माहीत आहे. नाशिक भागातील स्थानिक कांद्यातून निफाडच्या संशोधन केंद्रात निवड करून तो तयार झाला. पिंपळगाव बसवंतचे नाव ‘बसवंत ७८०’ या वाणाने राज्यभर नेले. द्राक्षांकडे पाहिले तर सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या आरवे यांच्या मळ्यात ‘थॉमसन सीडलेस’च्या वेलीवर वेगळा दिसलेला फुटवा हेरला गेला आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ आला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशाच डोळस पाहणीतून ‘सोनाका’ दिला. सोलापूर, नान्नज आणि काळे ही तिन्ही नावे त्या एका शब्दात आहेत. ही सारी कामे शेतात उभे राहून, वेगळे काय दिसते ते टिपणाऱ्या माणसांनी केली.

मात्र द्राक्ष आणि कांदा यांत एक मोठा फरक आहे. द्राक्षाचा चांगला फुटवा सापडला की काडी कलम करून तो जसाच्या तसा वाढविता येतो. कांद्याचे तसे नाही. कांदा परपरागित पीक आहे. शेजारच्या शेतात दुसऱ्या वाणाचे गोंडे फुलले असतील तर मधमाशा ते पराग घेऊन येतात आणि बियाणे बिघडते. म्हणून कांदा बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये अर्धा ते एक किलोमीटर अलगीकरण अंतर राखावे लागते. शोभिवंत कोळंबीची गोष्ट द्राक्षाची नसून कांद्याची आहे. तिची कलमे होत नाहीत. दर पिढीत नर-मादीच्या वारशाची नव्याने घुसळण होते आणि दर पिढीत निवड करावी लागते. अलगीकरणासाठी मात्र तिला किलोमीटर लागत नाही. एक काचेची भिंत पुरते.

हा जीव कसा आहे

नवख्या पालकाने ज्या जातीपासून प्रारंभ करावा ती म्हणजे ‘चेरी कोळंबी’. शास्त्रीय परिभाषेत तिला निओकॅरिडिना डेव्हिडी म्हणतात. चीन, तैवान, कोरिया या भागांतील ओढे व तळी ही तिची मूळ वस्ती होय. तेथे ती मळकट तपकिरी, हिरवट किंवा जवळजवळ पारदर्शक असते. बगळ्याच्या व माशाच्या नजरेस पडू नये म्हणून निसर्गाने तिला तो रंग दिला. आज बाजारात दिसणारे लालभडक व निळे वाण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढले आहेत.

तिचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे. तीन-चार महिन्यांत ती वयात येते. मादीच्या पाठीवर, डोक्याच्या मागील भागात, पिवळसर किंवा हिरवट अंड्यांचा पुंजका आतून दिसू लागतो. त्याचा आकार घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो. मादीने कात टाकली की तिचे कवच काही काळ मऊ असते. त्या वेळी पाण्यात पसरणाऱ्या रासायनिक खुणेवरून नर तिला शोधीत फिरतात आणि समागम होतो. त्यानंतर अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत येतात. मादी ती सतत हलवून त्यांना ताजे पाणी देत राहते. एका वेळी साधारणतः वीस ते तीस अंडी असतात आणि पंचविशीच्या आसपास तपमान असल्यास सुमारे चार आठवड्यांत पिले बाहेर पडतात.

येथे या जातीचा मोठा गुण ध्यानात घ्यावा. जन्मलेले पिलू दोन मिलिमीटरचे असले तरी आकाराने ते आईची हुबेहूब लहान प्रतिकृती असते. आपल्याकडे शेततळ्यांत सोडली जाणारी मोठी कोळंबी, ज्यास महाझिंगा म्हणतात, तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते. त्यामुळे बीजासाठी किनाऱ्याकडील केंद्रांकडे पाहावे लागते. जपानचे ताकाशी आमानो यांनी शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेल्या कोळंबीचेही तसेच आहे. चेरी कोळंबी मात्र सर्व अवस्था गोड्या पाण्यातच पार पाडते. समुद्रापासून दूर असलेल्या नाशिक, सिन्नर किंवा येवल्यातही तिचे प्रजनन होते, याचे कारण हे आहे. आणि नदीत सुटली तर ती तेथे वंश वाढवू शकते, याचेही कारण हेच आहे. तो मुद्दा पुढे येईल.

आपल्या राज्यात गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. आर. नागभूषणम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांतील झिंगे आणि खेकडे यांच्या संप्रेरकांवर दीर्घकाळ संशोधन केले. कात टाकणे आणि अंडाशयाची वाढ यांवर नियंत्रण ठेवणारी द्रव्ये या प्राण्यांच्या डोळ्यांच्या देठांत असतात, हे आज पाठ्यपुस्तकात येते. अशा ज्ञानात आपल्याच ओढ्यांतील झिंग्यांचा वाटा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

रंग कोठून येतो

कोळंबी शिजविली की लाल होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याचे कारण असे की, कवचात अस्टाझँथिन नावाचे लालसर रंगद्रव्य प्रथिनाशी जखडलेले असते. त्या जोडीमुळे ते निळसर किंवा करडे भासते. उष्णतेने प्रथिन मोडते आणि मूळचा लाल रंग मोकळा होतो. जिवंत कोळंबीच्या त्वचेत याशिवाय रंगपेशी असतात. त्यांतील रंगकण पसरले की रंग गडद होतो, गोळा झाले की फिका पडतो.

म्हणून दिसणारा रंग सारा वारशाचा नसतो. काळ्या वाळूवर ठेवलेली कोळंबी गडद दिसते. तीच पांढऱ्या वाळूवर फिकी पडते. प्रवासाने घाबरलेली कोळंबी रंग सोडते. आहारानेही फरक पडतो. मादी नरापेक्षा मोठी व गडद असते. जो पालक एका टाकीतील लाल मादी आणि दुसऱ्या टाकीतील फिकी मादी यांची तुलना करून निवड करतो तो अनेकदा वाळूची निवड करीत असतो, कोळंबीची नव्हे. भारी जमिनीतील कांदा आणि मुरमाड जमिनीतील कांदा शेजारी ठेवून वाण ठरविण्यासारखेच ते आहे. तुलना करावयाची तर वय एक, टाकी एक आणि वाळू एक असली पाहिजे.

वारशाचा एक स्वच्छ दाखला दुसऱ्या जातीत मिळतो. ‘मधमाशी कोळंबी’ या नावाने ओळखली जाणारी कॅरिडिना जातीतील कोळंबी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असते. १९९० च्या दशकात जपानमधील हिसायासु सुझुकी या पालकास आपल्या काळ्या-पांढऱ्या कोळंबीत एक लाल-पांढरे पिलू आढळले. त्याने ते वेगळे काढले आणि पुढील पिढ्यांतून लाल वाण स्थिर केला. ‘क्रिस्टल रेड’ या नावाने तो जगभर गेला. येथे लाल रंग अप्रभावी आहे. लाल आणि शुद्ध काळी यांचा संकर केल्यास पहिली पिढी सारी काळी निघते. त्या पिढीचा आपापसांत संकर केल्यास चारांत सरासरी एक लाल येते. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावर प्रसिद्ध केलेला नियम तोच. परंतु या कोळंबीला मऊ, किंचित आम्ल आणि थंड पाणी लागते. आपल्या उन्हाळ्यात ती सांभाळणे कठीण, म्हणून नवख्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

चेरी कोळंबीचे रंग इतक्या सरळ हिशेबाने उलगडत नाहीत. एकाहून अधिक घटक त्यांत गुंतलेले असतात. अनुभव एवढे निश्चित सांगतो की, लाल, पिवळी व निळी एकत्र ठेवली तर थोड्याच पिढ्यांत टाकीत मळकट तपकिरी पिले दिसू लागतात. निसर्गाचा मूळ रंग परत येतो. एका टाकीत एकच रंग, हा म्हणूनच पहिला नियम होय.

पाणी, टाकी आणि मोरचूद

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. सुरुवातीस वीस कोळंब्यांना ती पुरेशी आहे. हवेच्या लहान पंपावर चालणारा स्पंजाचा गाळक बसवावा. त्याने पाणी स्वच्छ राहते आणि पिले आत ओढली जात नाहीत. तळाशी गडद बारीक वाळू, थोडे पाणशेवाळ आणि देशी बदामाची दोन-तीन वाळलेली पाने टाकावी. पानांवर जो बारीक जिवाणूंचा व शेवाळाचा थर बसतो तो पिलांचा मुख्य आहार होय. आठवड्यातून दोन-तीन वेळा उकडलेल्या पालकाचा किंवा काकडीचा लहान तुकडा पुरेसा होतो. उरलेला तुकडा त्याच दिवशी काढावा. उपासमारीने मरणाऱ्या कोळंब्यांपेक्षा जास्त खाऊ घातल्याने मरणाऱ्या अधिक असतात.

टाकी भरल्याबरोबर कोळंबी सोडू नये. विष्ठा व कुजके अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी असतात, तिसरे पुष्कळ सौम्य असते. हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत धीर धरावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे. आपल्या काळ्या खडकातील विहिरींच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात आणि ते कवचासाठी उपयोगीच ठरतात. मात्र कूपनलिकेचे फार जड पाणी पावसाच्या साठविलेल्या पाण्यात मिसळून घ्यावे. नव्या कोळंब्या आणल्या की बारीक नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी त्यांच्या भांड्यात सोडावे आणि मगच त्यांना टाकीत घ्यावे.

तपमान बावीस ते सव्वीस अंशांच्या दरम्यान उत्तम. निफाडची जानेवारीतील थंडी प्रसिद्ध आहे. त्या काळात प्रजनन मंदावते किंवा थांबते, परंतु कोळंबी सहसा तग धरते. खरा धोका एप्रिल-मे महिन्यांत असतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाणी तीस अंशांपुढे गेले की मृत्यू सुरू होतात. टाकी पत्र्याच्या छपराखाली न ठेवता जाड भिंतीच्या खोलीत जमिनीलगत ठेवावी. बाहेरून ओले पोते गुंडाळावे. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. या उपायात विजेचा खंड पडणार हे गृहीत धरून पंपासाठी लहान बॅटरीची सोय ठेवावी.

आता खास आपल्या जिल्ह्यासाठी एक सूचना. द्राक्षबागेत केवड्याच्या प्रतिबंधासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते. एक टक्का मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद हे तांब्याचे लवण आहे. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अत्यल्प प्रमाणातही तिला मारते. कीटकनाशकांचेही तसेच आहे. कीटक आणि कोळंबी हे दूरचे भाऊबंद असल्याने कीटकास मारणारे औषध कोळंबीस सोडीत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचा हंगाम असताना बागेतून आलेल्या माणसाने हात व कोपरापर्यंतचा भाग साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळल्याखेरीज टाकीत हात घालू नये. फवारणीची बादली, मग किंवा नळी टाकीसाठी कधीही वापरू नये. तांब्याच्या हंड्यात साठविलेले पाणी माणसास चालेल, टाकीस चालणार नाही. बागेलगतच्या विहिरीचे पाणी वापरण्यापूर्वी त्यात दोन-चार कोळंब्या आठ दिवस वेगळ्या ठेवून पाहाव्या. ज्या पाण्यात कोळंबी जगत नाही त्या पाण्याविषयी गावानेही विचार करावा, हा त्यातून मिळणारा आणखी एक बोध.

निवड कशी करावी

चार टाक्या असाव्या. पहिली निवडलेल्या जोड्यांची, दुसरी वाढत्या पिलांची, तिसरी नाकारलेल्यांची आणि चौथी बाहेरून आलेल्यांच्या विलगीकरणाची. विलगीकरणात किमान तीन आठवडे ठेवून मगच नवी कोळंबी कळपात घ्यावी.

पिले तीन महिन्यांची झाली की निवडीस बसावे. काय पाहावयाचे ते आधी लिहून ठेवावे. रंग सलग आहे काय, पाय रंगलेले आहेत काय, कवच अपारदर्शक आहे काय, चाल जोमदार आहे काय, अशा चार-पाच कसोट्या पुरेत. पाहता पाहता कसोटी बदलणे हा निवडीतील सर्वांत मोठा दोष होय. मादी ठळक दिसते, म्हणून बहुतेक जण माद्या निवडतात आणि नर जे असतील ते राहू देतात. वारशाचा अर्धा भाग नराकडून येतो, हे त्यात विसरले जाते. फिक्या नरांतून सर्वांत चांगले नर शोधणे हे कष्टाचे काम आहे आणि सुधारणेचा वेग त्यावरच अवलंबून असतो.

निवड फार कडकही करू नये. दर पिढीत केवळ दोन-तीन उत्तम जोड्या ठेवल्या तर रंग लवकर सुधारतो, परंतु भाऊबंदांतील संकराने पिलांची संख्या घटते आणि कळप दुबळा होतो. दर पिढीत तीस-चाळीस जनक ठेवावे. शक्य असल्यास एकाच रंगाचे दोन कळप दोन घरी वाढवावे आणि वर्षातून एकदा त्यांची अदलाबदल करावी. एका गावातील दोन बचतगट किंवा दोन शाळा हे काम सहज करू शकतात.

या साऱ्याचा कणा म्हणजे नोंदवही. तारीख, टाकीचा क्रमांक, तपमान, अंडी धरलेल्या माद्या, पिलांची अंदाजे संख्या, निवडलेले नर व माद्या, नाकारलेली संख्या आणि मृत्यू, एवढे रकाने असावे. कांद्यात बियांपासून कांदा व कांद्यापासून पुन्हा बी घेण्यास दोन हंगाम जातात. डांगी गाईंच्या सुधारणेत एक पिढी पाहण्यास चार-पाच वर्षे लागतात. या कोळंबीच्या मात्र वर्षास सुमारे तीन पिढ्या होतात. आठवीत टाकी सुरू करणारा विद्यार्थी दहावी संपेपर्यंत आठ-नऊ पिढ्यांची नोंद पाहू शकतो. वाण कसा घडतो हे इतक्या कमी जागेत आणि इतक्या कमी काळात दाखविणारे प्राणी थोडे आहेत.

नाकारलेल्यांचे काय

आता मी मुख्य मुद्द्याशी येतो. दहा माद्यांनी प्रत्येकी वीस पिले दिली तर दोनशे होतात. त्यांतील शंभर जगली आणि तीस निवडली तर सत्तर नाकारली जातात. दर चार महिन्यांनी हे घडते. निवड करणाऱ्याच्या हाती निवडलेल्यांपेक्षा नाकारलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. ती कोठे जाणार, याचे उत्तर टाकी भरण्यापूर्वी तयार पाहिजे.

मारवत नाही म्हणून ती नदीत सोडावी, असे दयाळू माणसाच्या मनात येते. जीवदानाचे पुण्य म्हणून मासे नदीत सोडण्याची प्रथाही आपल्याकडे आहे. परंतु परदेशी जलचराला नदीत दिलेले जीवदान हे नदीतील मूळ रहिवाशांवर संकट ठरू शकते. ही चेरी कोळंबी जर्मनी, पोलंड, जपान आणि हवाई बेटे येथील मोकळ्या पाण्यात वस्ती करून राहिल्याचे आढळले आहे. जर्मनीत कोलोनजवळच्या गिलबाख या ओढ्यात वीजकेंद्राचे उबदार पाणी येत असे, तेथे ती स्थिरावली. थंड देशात तिला उबदार ओढा शोधावा लागला. आपल्याकडे तर ऊब सर्वत्र आहे. मत्स्यालयांतून सुटलेल्या संगमरवरी चिंगाटीचा दाखला याहून गंभीर आहे. १९९० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यालयांत प्रथम दिसलेली ही जात नराशिवाय प्रजनन करते. ती पुढे मादागास्करच्या भातखाचरांत आणि नद्यांत पसरली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गोदावरीवर दर वर्षी जी पाणवेल काढावी लागते ती दक्षिण अमेरिकेची. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी शोभेची वनस्पती म्हणून ती भारतात आली. शोभेसाठी आणलेली वस्तू नदीत गेली की काय होते, हे नाशिकला वेगळे सांगावयास नको. आणि आपल्या खाली नांदूर-मध्यमेश्वर आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले. नाशिकच्या गटारात सोडलेला जीव जगला तर त्याचा प्रवाह त्याच दिशेने जातो. परदेशी कोळंबीबरोबर तिच्या कल्ल्यांवरचे परजीवी आणि रोगही जातात. आपले स्थानिक झिंगे त्यांना कधी सामोरे गेलेले नाहीत.

तेव्हा नियम साधे ठेवावे. नाकारलेल्या कोळंब्या तिसऱ्या टाकीत साध्या कळप म्हणून राहू द्याव्या आणि शाळांना किंवा नवशिक्यांना द्याव्या. फार झाल्यास घरच्या माशांस खाद्य म्हणून द्याव्या. डास-निर्मूलनासाठी आरोग्य केंद्रातून मिळणारे गप्पी मासे कोळंबीची पिले आवडीने खातात. म्हणूनच कोळंबीच्या टाकीत ते ठेवू नयेत आणि नाकारलेल्या पिलांसाठी मात्र वेगळ्या हौदात त्यांचा उपयोग करून घ्यावा. बदललेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे आणि झाडांना घालावे. दोन मिलिमीटरचे पिलू डोळ्यांस सहज दिसत नाही. चार टाक्यांचे आठवड्याचे पंचवीस-तीस लिटर पाणी परसातील भाजीला खत म्हणून लाभते. सिन्नर व येवला या अवर्षणप्रवण भागांत ही बाब लहान नाही. टाक्या नाला, विहीर व शेततळे यांपासून दूर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी असाव्या.

उत्पन्नाचा हिशेब

या व्यवसायातून पैसा मिळतो काय? मिळतो, परंतु तो टाकीतून आपोआप उगवत नाही. शोभिवंत माशांच्या व्यापारात चेन्नईजवळचे कोळत्तूर, कोलकाता परिसर आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला ही नावे प्रसिद्ध आहेत. तेथे साध्या कोळंबीस साधा आणि रंग स्थिर असलेल्या कळपास चांगला भाव मिळतो. भाव मिळतो तो खात्रीला. ‘ही पिले आईसारखीच निघतील’ असे जो नोंदवही दाखवून सांगू शकतो त्याच्याकडे ग्राहक परत येतो. इमूपालनाच्या लाटेत अनेक शेतकऱ्यांनी पक्षी घेतले आणि त्यांचा ग्राहक पुढचा नवा पालकच होता, हे काही वर्षांनी उघड झाले. ज्या व्यवसायात सर्व जण एकमेकांनाच बीज विकतात तो व्यवसाय टिकत नाही. म्हणून पंचायत सदस्यांनी बचतगटास हा उद्योग सुचविताना प्रथम ग्राहक कोण, हे विचारावे आणि पहिले वर्ष शिकण्याचे समजावे.

शासकीय साहाय्याची दारे आहेत. २०२०-२१ पासून राबविण्यात आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाची किंमत तीन लाख रुपये धरण्यात आली. सर्वसाधारण लाभार्थ्यास चाळीस टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांस साठ टक्के अर्थसाहाय्य अशी तरतूद ठेवण्यात आली. कोळंबीचा घटक तीत कसा बसवावयाचा आणि योजनेची चालू स्थिती काय, याची विचारणा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. शास्त्रीय मार्गदर्शनासाठी मुंबईत वर्सोवा येथे १९६१ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आहे. परदेशातून जिवंत जलचर आणण्यास केंद्र शासनाची परवानगी आणि विलगीकरण लागते. ते टाळून आलेला माल स्वस्त दिसला तरी घेऊ नये.

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावरचे एक उदाहरण येथे उपयुक्त आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तेथे समुद्रातील शोभिवंत कोळंबीच्या स्थानिक जातींचे बंदिस्त प्रजनन साधले आणि बेटावरील महिलांना त्यांचे संगोपन शिकविले. परकी जात आणण्याऐवजी स्थानिक जात घ्यावी, आणि ती निसर्गातून न ओरबाडता टाकीत पैदा करावी, हे त्यामागचे सूत्र आहे. उलट बाजूस केरळच्या नद्यांतील ‘मिस केरळ’ हा मासा आहे. शोभेसाठी नदीतून बेसुमार पकडला गेल्याने तो संकटग्रस्तांच्या यादीत गेला. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतील लहान झिंग्यांचे टाकीत प्रजनन साधून त्यांतून देखणा वाण निवडता आला, तर तो खरा नाशिकचा वाण होईल. निफाडच्या कांद्याइतकाच आपला. ते काम एखाद्या महाविद्यालयाने हाती घेण्याजोगे आहे.

आपले काम

शिक्षकांना माझी विनंती अशी की, शाळेत एक टाकी आणि एक नोंदवही ठेवावी. टाकीपेक्षा नोंदवही अधिक जपावी. विद्यार्थ्यास ‘सुंदर कोणती’ असे न विचारता ‘कोणत्या कसोटीवर सुंदर’ असे विचारावे. पंचायत सदस्यांनी गावात हा उद्योग सुरू होताना सांडपाण्याची वाट पाहावी आणि ती नाल्यास मिळत नाही याची खात्री करावी. अधिकाऱ्यांनी अर्जासोबत जागेचा नकाशा मागतो तसे ‘नाकारलेल्या जिवांची व्यवस्था’ हेही एक कलम मागावे. त्यास पैसा लागत नाही.

निवड म्हणजे चांगले ते ठेवणे, असे आपण सहज म्हणतो. तिचा दुसरा अर्धा भाग जे ठेवले नाही त्याची जबाबदारी घेणे हा आहे. नोंदवहीतील ‘निवडलेले’ हा रकाना ज्याचा भरलेला असतो तो हौशी पालक. ‘नाकारलेले’ हा रकानाही ज्याचा तितकाच चोख असतो तो खरा बीजोत्पादक. कांद्याच्या बियाण्याने नाशिकच्या शेतकऱ्यास ही शिस्त केव्हाच शिकविली आहे. तीच शिस्त काचेच्या टाकीशी पाळली जावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.